मासेमारीच्या साधनांमुळे हातापायांना होणाऱ्या भेदक इजा

मासेमारीच्या साधनांमुळे हातापायांना होणाऱ्या भेदक इजा म्हणजे गळ, भाला, सुरी किंवा पकडलेल्या माशाचा काटा यांसारखी टोकदार वस्तू त्वचा भेदून आतील ऊतींत शिरल्याने होणाऱ्या जखमा होत. यांत गळ रुतण्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि हाताची बोटे सर्वाधिक सापडतात. अशा जखमेचे तोंड लहान असते, रक्त फारसे वाहत नाही आणि वेदनाही बहुधा सोसण्याजोगी असते. त्यामुळे जखमी व्यक्ती गळ स्वतःच ओढून काढते, बोट नदीच्या पाण्यात बुडवते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाते. बहुतेक वेळा यातून काही बिघडत नाही. परंतु गळाचे टोक बोटाच्या कंडरेच्या आवरणापर्यंत पोहोचले असेल किंवा ज्या पाण्यात ते भिजले ते पाणी दूषित असेल, तर दोन-तीन दिवसांत बोट कायमचे ताठर होण्याची वेळ येऊ शकते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या इजेला निराळे महत्त्व आहे. येथील पुष्कळांची रोजी यंत्रापुढे चालणाऱ्या हातांवर अवलंबून असते आणि येथील नद्यांचे पाणी जखमेला अनुकूल राहिलेले नाही.

गळाची रचना आणि इजेचे स्वरूप

गळाच्या एका टोकाला दोरी ओवण्यासाठी नेढे असते. त्यापुढे सरळ दांडा, मग वळण आणि शेवटी अणकुचीदार टोक येते. टोकाच्या थोडे अलीकडे मागच्या दिशेने वळलेला एक लहान दात काढलेला असतो. या लेखात त्याला ‘उलटा दात’ म्हटले आहे. आत शिरताना तो आड येत नाही. बाहेर येताना मात्र मांसात अडकतो. तोंडातून गळ झटकू पाहणाऱ्या माशाला धरून ठेवणे एवढाच त्याचा हेतू असतो आणि माणसाच्या बोटातही तो आपले काम तितक्याच चोख रीतीने करतो. ही युक्ती फार जुनी आहे. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर उलट्या दाताचे तांब्याचे गळ सापडले आहेत. त्याहून प्राचीन, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे शिंपल्याचे गळ जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत मिळाले; त्यांना मात्र असा दात नाही.

काही गळांच्या दांड्यावरही आमिष घसरू नये म्हणून एक-दोन जादा दात असतात. कृत्रिम आमिषांना तीन तोंडांचा गळ लावलेला असतो. त्याचे एक टोक रुतले की उरलेली दोन टोके काढणाऱ्याच्या हाताची वाट पाहत असतात. म्हणून उपचार ठरवण्यापूर्वी गळ कोणत्या प्रकारचा आहे, हे कळणे आवश्यक ठरते. तसाच दुसरा गळ पेटीत शिल्लक असल्यास तो सोबत आणून डॉक्टरांना दाखवणे फार उपयोगी पडते, कारण आत गेलेला भाग दिसत नसला तरी त्याचा आकार समजतो.

औद्योगिक पट्ट्यातील पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड शहराच्या मधून पवना वाहते, उत्तरेच्या सीमेवरून इंद्रायणी आणि दक्षिणेकडून मुळा. चाकण हे इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. मावळातील पवना धरण आणि खेड तालुक्यातील भामा-आसखेड व चासकमान ही धरणे या परिसराचे मोठे जलाशय होत. जलाशयांतील मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. त्याखेरीज नदीकाठी काठी-दोरी घेऊन बसणारे हौशी लोक असतात. पिंपरी, चिंचवड, भोसरी भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते, ही या पट्ट्याची जुनी ओळख. सुटीच्या दिवशी झालेली जखम शुक्रवारच्या पाळीला हातमोज्यात झाकली जाते. उपचाराला होणारा उशीर बहुधा असाच सुरू होतो. देहू येथील इंद्रायणीच्या डोहातील माशांना मात्र श्रद्धेपोटी पूर्वापार अभय आहे. तेथे गळ टाकला जात नाही.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून येते आणि रावेत येथील बंधाऱ्यावरून शहरासाठी उचलले जाते. त्याच्या खाली नदीत नाले आणि सांडपाणी मिसळत जाते. इंद्रायणीवर आळंदीला तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने निश्चित केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांत पवना व इंद्रायणी या दोन्ही नद्यांचा समावेश झालेला आहे. त्यामुळे धरणाच्या वरच्या अंगाला झालेली जखम आणि शहराच्या खालच्या अंगाला झालेली जखम दिसायला सारखी असली, तरी वैद्यकीयदृष्ट्या त्या सारख्या मानता येत नाहीत. रुग्णाला ‘गळ कशाने लागला’ याबरोबरच ‘कोणत्या पाण्यात लागला’ हेही विचारले पाहिजे.

घटनास्थळी करावयाचे उपाय

गळ रुतल्यावर पहिली ऊर्मी तो ओढण्याची असते आणि तीच सर्वांत घातक ठरते. दोरी लगेच कापावी, म्हणजे काठीच्या किंवा तडफडणाऱ्या माशाच्या ओढीने गळ आणखी खोल जात नाही. मासा अजून गळाला असेल तर आधी त्याला वेगळे करावे. तीन तोंडांच्या गळाची मोकळी टोके चिकटपट्टीने किंवा बुचाच्या तुकड्याने झाकावीत. हातातील अंगठी, कडे, घड्याळ त्वरित काढावे, कारण पुढे सूज आली की अंगठी बोटाला फास लावते. नंतर जखमेभोवतीचा भाग पिण्याच्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन गळ हलणार नाही अशा रीतीने पट्टी बांधावी आणि रुग्णालय गाठावे.

या पट्ट्यात घरोघरी पक्कड, कटर, पाना सापडतो आणि ते चालवणारे हातही कुशल असतात. त्या कौशल्याच्या भरवशावर पकडीने गळ उपसण्याचा मोह होतो. लोखंडातील खिळा आणि बोटातील गळ यांत मोठा फरक आहे. खिळ्याच्या शेजारी चेतातंतू नसतो. बोटाच्या दोन्ही कडांना मात्र तो असतो. पोलादी गळ कापताना उडालेला तुकडा डोळ्यात जाण्याचा धोकाही असतो, म्हणून कापणे अटळ असेल तर डोळे झाकून आणि तुकड्यावर कापड धरूनच कापावा.

जखमेत चुना, तंबाखू, विडीची राख किंवा ग्रीस भरण्याची सवय अद्याप गेलेली नाही. हळदीचा मान स्वयंपाकघरात आणि देवघरात मोठा आहे, परंतु खोल छिद्रात भरलेली पूड आतल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. उलट छिद्राचे तोंड बुजवते आणि तपासणी अवघड करते.

डोळ्यात किंवा पापणीत, मानेत, मनगटाच्या आतील बाजूस अथवा सांध्यात रुतलेला गळ घटनास्थळी मुळीच काढू नये. डोळ्याच्या बाबतीत त्यावर दाब न देता कागदी पेल्यासारखे आच्छादन बांधून रुग्णाला थेट नेत्रशल्यविशारदाकडे न्यावे. भाला किंवा लोखंडी सळई मांडीत, पोटरीत घुसली असेल तर तीही तशीच ठेवावी. अनेकदा तीच फाटलेल्या रक्तवाहिनीचे बूच बनलेली असते आणि उपसताच रक्तस्राव अनावर होतो. बाहेर राहिलेला भाग कापडाच्या गुंडाळ्यांनी दोन्ही बाजूंनी स्थिर करून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे.

रुग्णालयातील तपासणी

बधिरीकरणाचे इंजेक्शन देण्याआधीच बोटाची संवेदना तपासणे हा या तपासणीतील कळीचा नियम आहे. एकदा बोट बधिर केले की चेतातंतू गळाने दुखावला होता की औषधाने झोपला आहे, हे सांगता येत नाही. बोटाच्या दोन्ही कडांना हलका स्पर्श करून पाहतात. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत येण्यास किती वेळ लागतो, हे पाहून रक्तपुरवठ्याचा अंदाज घेतात. बोटाचे प्रत्येक पेर स्वतंत्रपणे वाकवण्यास सांगून कंडरा शाबूत असल्याची खात्री करतात. हाड किंवा सांध्यात टोक गेल्याची शंका असल्यास, अथवा गळ मोडून तुकडा आत राहिला असल्यास क्ष-किरण चित्र घेतात. धातू त्यात स्पष्ट दिसतो. लाकडाची चीप किंवा प्लास्टिक सहसा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफीचा आधार घ्यावा लागतो.

पिंपरीच्या संत तुकारामनगर येथील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चिंचवडच्या मोहननगर येथील कर्मचारी राज्य विमा रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय ही या पट्ट्यातील प्रमुख सार्वजनिक रुग्णालये होत. साधा, उथळ गळ कोणत्याही प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्याला काढता येतो. कंडरा, चेतातंतू किंवा सांधा गुंतलेला असेल तर हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या अस्थिशल्यविशारदाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे रुग्णाला पाठवणे उचित ठरते.

गळ काढण्याच्या पद्धती

गळ काढण्याच्या चार प्रमुख पद्धती रूढ आहेत. कोणती निवडावी हे गळाच्या आकारावर, उलट्या दातावर आणि टोक किती खोल आहे यावर ठरते. एक पद्धत साधली नाही म्हणून जोर वाढवणे अयोग्य असून दुसरी पद्धत अवलंबावी, असा संकेत आहे.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे आलेल्या वाटेने मागे काढणे. दांडा त्वचेकडे हलकेच दाबला की उलटा दात मांसातून सुटतो आणि गळ त्याच मार्गाने मागे घेता येतो. दात नसलेल्या किंवा अगदी उथळ रुतलेल्या गळासाठी ती पुरते. जरा अडथळा जाणवला तरी थांबावे लागते, त्यामुळे तिला यश बेताचेच येते.

दोरीच्या झटक्याची पद्धत पाहणाऱ्याला जादूसारखी वाटते. ऑस्ट्रेलियातील एका डॉक्टराने १९६१ साली वैद्यकीय नियतकालिकात तिचे वर्णन केले आणि पुढे ती जगभर पसरली. गळाच्या वळणाभोवती मजबूत दोरीचा फास घालतात. जखमी बोट टेबलावर घट्ट टेकवतात. एका हाताच्या बोटाने दांडा त्वचेला समांतर खाली दाबून धरतात, म्हणजे उलटा दात मोकळा होतो. दुसऱ्या हाताने दोरी दांड्याच्या समांतर दिशेने एकाच जोरकस झटक्यात ओढतात. झटका कच्चा पडला तर वेदना होते आणि गळ तेथेच राहतो, म्हणून अर्धवट मनाने तो देऊ नये. नीट बसला तर बधिरीकरणाविनाही गळ निघतो आणि नवे छिद्र पडत नाही. निघालेला गळ वेगाने उडतो, हे लक्षात घेऊन समोर कोणी उभे राहू नये. कानाच्या पाळीसारख्या हलणाऱ्या, टेकवता न येणाऱ्या भागावर ही पद्धत वापरत नाहीत.

तिसरी पद्धत सुईच्या टोपणाची. भाग बधिर करून १८ गेजची पोकळ सुई गळाच्या शेजारून त्याच छिद्रातून आत सरकवतात आणि तिचे पोकळ तोंड उलट्या दातावर टोपणासारखे बसवतात. दात झाकला गेला की सुई आणि गळ दोन्ही एकदम बाहेर घेतात. ऐकायला सोपी, करायला सरावाची अशी ही रीत आहे. दात दिसत नसल्याने तो केवळ हाताला जाणवून शोधावा लागतो.

टोक पुढे काढून कापणे ही चौथी पद्धत सर्वांत भरवशाची मानली जाते. टोक त्वचेच्या पृष्ठभागाजवळ आलेले असेल तेव्हा बधिरीकरणानंतर गळ त्याच्या वळणाच्या दिशेने पुढे ढकलून टोक आणि दात त्वचेबाहेर आणतात, दातासह टोक कापतात आणि उरलेला गुळगुळीत गळ आल्या वाटेने मागे घेतात. दांड्यावरही दात असतील तर उलट करावे लागते: नेढ्याकडील बाजू कापून संपूर्ण गळ पुढच्या दिशेने ओढून घेतात. हा फरक विसरला तर दांड्यावरचे दात आत अडकून जखम वाढते. या पद्धतीत एक नवे छिद्र पडते, म्हणून बोटाच्या कडेला, जेथे चेतातंतू आणि धमनी शेजारी-शेजारी धावतात तेथे, ती विचारपूर्वकच वापरावी.

यांपैकी काहीच शक्य नसेल तर लहान चिरा घेऊन, आतील रचना डोळ्यांनी पाहत गळ सोडवतात. बधिरीकरणासाठी साधारणपणे एक टक्का लिग्नोकेन वापरतात. बोटासाठी ते जखमेत न देता बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दिल्यास संपूर्ण बोट बधिर होते आणि सुजलेल्या जागी सुई टोचावी लागत नाही.

गळ निघाल्यावर जखम भरपूर सलाइनने धुतात, आत आमिषाचा किंवा दोरीचा तुकडा राहिला नाही ना ते पाहतात आणि ती उघडीच ठेवून साधी पट्टी बांधतात. असल्या छिद्राला टाके घालू नयेत. टाके घातल्याने जंतू आत कोंडले जातात.

जंतुसंसर्ग

निरोगी व्यक्तीच्या उथळ, स्वच्छ धुतलेल्या जखमेला प्रतिजैविकांची सरसकट आवश्यकता नसते. जखम खोल असेल, कंडरा किंवा सांध्यापर्यंत गेली असेल, पाणी दूषित असेल, रुग्णाला मधुमेह किंवा यकृताचा विकार असेल अथवा त्याची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तेव्हा ती देतात. मधुमेही रुग्णाच्या बोटाचे छिद्र कधीही किरकोळ समजू नये.

गोड्या पाण्यात ‘एरोमोनास’ या गटाचे जंतू आढळतात आणि सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात त्यांची संख्या वाढते. त्यांचा संसर्ग झाल्यास चोवीस तासांच्या आत जखमेभोवती लाली, सूज आणि तीव्र वेदना पसरते. हे जंतू सामान्यतः पेनिसिलिन व अँपिसिलिनला दाद देत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे योजावी लागतात. देशातील पहिला पेनिसिलिन कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीतच स्थापन झाला आणि त्यावरून पिंपरीचे नाव देशभर झाले. त्याच गावाशेजारच्या नदीतील जखमेला पेनिसिलिन पुरत नाही, हा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल. मासे हाताळणाऱ्यांना होणाऱ्या ‘एरिसिपेलोथ्रिक्स’ या दुसऱ्या एका जंतूच्या संसर्गावर मात्र पेनिसिलिन आजही उत्तम चालते. त्यात बोटावर जांभळट-लाल, कडेने पसरत जाणारा, दुखरा डाग उमटतो आणि पू सहसा होत नाही.

समुद्राच्या व खाडीच्या पाण्यात ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हा जंतू असतो. यकृताचा विकार असलेल्या व्यक्तीत तो काही तासांतच जीव धोक्यात आणू शकतो. या पट्ट्यातून सुटीला कोकणात मासेमारीसाठी जाणाऱ्यांनी परतल्यावर डॉक्टरांना हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण नदीच्या आणि समुद्राच्या जखमेची औषधयोजना वेगळी असते.

याहून फसवा असतो तो ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’. क्षयाच्या जंतूचा हा दूरचा भाऊबंद. जखम भरून गेल्यावर काही आठवड्यांनी तेथे न दुखणारी गाठ येते आणि पुढे मनगटाकडे ओळीने आणखी गाठी उठतात. तोवर गळ लागल्याचे रुग्ण विसरलेला असतो. हा जंतू सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला वाढतो; प्रयोगशाळेत नेहमीच्या ३७ अंशांवर नमुना ठेवला तर तो उगवतच नाही. म्हणून नमुना पाठवताना ‘माशाच्या पाण्यातील जखम’ असे लिहिणे आवश्यक असते. उपचार कित्येक महिने चालतो.

बोट गमावण्याचा खरा धोका असतो तो कंडरेच्या आवरणात पू होण्याचा. बोट वाकवणाऱ्या कंडरा तळहाताच्या बाजूने एका बंद नळीसारख्या आवरणातून सरकतात. बोटाच्या सुरकुतीवर लागलेला गळ त्या आवरणात सहज शिरतो, कारण सुरकुतीखाली चरबीचा थर फार पातळ असतो. आत पू झाला की दाब वाढतो, कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती कुजू लागते. अमेरिकन शल्यविशारद ॲलन कॅनॅव्हेल यांनी हाताच्या जंतुसंसर्गावरील १९१२ च्या ग्रंथात या अवस्थेचे वर्णन केले. आज चार लक्षणे त्यांच्या नावाने ओळखली जातात: संपूर्ण बोट एकसारखे फुगणे, ते किंचित वाकलेल्या अवस्थेत राहणे, कंडरेच्या मार्गावर दाबल्यास दुखणे आणि दुसऱ्याने बोट सरळ करू पाहताच असह्य कळ येणे. शेवटचे लक्षण बहुधा सर्वांत आधी दिसते. अंगठा व करंगळी यांची आवरणे मनगटाजवळ एकमेकांना जोडलेली असू शकतात. त्यामुळे करंगळीत सुरू झालेला पू अंगठ्यात उतरून घोड्याच्या नालाच्या आकाराचे गळू होते. ही स्थिती तातडीच्या शस्त्रक्रियेची आहे. गोळ्या घेऊन सोमवारपर्यंत वाट पाहण्याची नाही.

लहान छिद्र आणि खोल हानी, ही जोडी या पट्ट्यातील कारखान्यांना अनोळखी नाही. ग्रीस गनमधून किंवा हायड्रॉलिक नळीच्या सूक्ष्म भेगेतून उच्च दाबाने बाहेर पडलेले तेल बोटाच्या टोकाशी टाचणीएवढे छिद्र पाडते, परंतु आत तळहातापर्यंत पसरते. प्रारंभी वेदना अल्प असल्याने कामगार काम चालू ठेवतो आणि काही तासांनी बोट वाचवणे कठीण होऊन बसते. ज्या प्रथमोपचार केंद्रात ही इजा ओळखायला शिकवली जाते, तेथे गळाचे छिद्रही हलक्यात घेतले जाऊ नये.

धनुर्वाताचा प्रतिबंध

‘गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो’ ही समजूत अर्धीच खरी आहे. रोग गंजाने होत नाही. माती, शेण आणि गाळ यांत राहणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम टेटानी’ या जंतूचे बीजाणू खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत रुजतात आणि त्यांचे विष चेतासंस्थेवर परिणाम करते. नवा, चकचकीत गळही ते आत नेऊ शकतो. जखमेपासून साधारणतः ३ ते २१ दिवसांत जबडा आखडू लागतो आणि पुढे पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. रोगाचे मराठी नाव त्यावरूनच पडले.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत, नंतर १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांच्या वयात धनुर्वाताची लस अन्य लशींसह मिळते. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची ‘टीडी’ ही लस दिली जाते. पूर्वीच्या ‘टीटी’ची जागा आता तिने घेतली आहे. म्हणजे ज्याने शाळेत शेवटची लस घेतली त्या तिशीच्या कामगाराचे संरक्षण विरलेले असण्याची शक्यता असते. नदीतील गळाची जखम मलिन धरली जाते. अशा जखमेत शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास वर्धक मात्रा देतात. मूळच्या तीन मात्रा झाल्याची खात्रीच नसेल, तर लशीबरोबर दुसऱ्या जागी धनुर्वात-प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. परराज्यांतून आलेल्या अनेक मजुरांजवळ लसीकरणाची नोंद नसते. त्यांच्या बाबतीत ‘झाली असेल’ असे गृहीत धरू नये.

माशांचे काटे व अन्य साधने

शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांच्या पाठीवरील व छातीच्या पंखांतील पहिला काटा ताठ आणि दातेरी असतो. अनेक जातींत त्याच्या आवरणात सौम्य विषही असते. गळ सोडवताना मासा वळवळला की तो तळहातात घुसतो आणि जखमेच्या मानाने वेदना फार होते. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून जखमी भाग सोसेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवतात. पाणी आधी निरोगी हाताने तपासावे, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचे कळत नाही. कोकण किनाऱ्यावर पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच प्रथमोपचार लागू पडतो. पवना आणि इंद्रायणीचे पाणी शेवटी भीमेतून उजनी जलाशयात पोहोचते. तेथे मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा पसरला असून त्याचे कठीण कवच आणि काटे जाळी फाडतात व ती सोडवणाऱ्यांच्या हातांना जखमा करतात.

नायलॉनच्या बारीक दोरीने बोट कापले गेल्यास चीर स्वच्छ दिसते, पण ती कंडरेपर्यंत गेलेली असू शकते. बोट वाकवता येत नसेल तर केवळ त्वचेला टाके घालून रुग्णाला घरी पाठवणे चुकीचे ठरते.

उपचारानंतर

पहिले दोन दिवस हात उंच ठेवावा आणि जखम रोज पाहावी. लाली पसरणे, ताप, ठसठस, काखेत गाठ येणे किंवा बोट सरळ करताना कळ येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दुखणे थांबले की बोटाची हालचाल लवकर सुरू करावी. पट्टीत फार दिवस बांधून ठेवलेले बोट जंतुसंसर्ग नसतानाही आखडते. जखम पूर्ण भरेपर्यंत कूलंट, तेल आणि नदीचे पाणी यांपासून ती दूर ठेवावी.

आर्थिक बाजूही दुर्लक्षून चालत नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामाच्या ओघात झालेल्या इजेला वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने अपंगत्व लाभ मिळतो. सुटीच्या दिवशी नदीवर झालेली इजा त्या व्याख्येत बसत नाही. तरीही विमाधारक कामगाराला उपचार मिळतात आणि अंशदानाच्या अटी पूर्ण असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ घेता येतो. हे ठाऊक नसल्याने काही कामगार इजा लपवून कामावर जातात आणि जे दोन दिवसांच्या रजेत भागले असते त्यासाठी बोट पणाला लावतात. मासेमारी हाच व्यवसाय असलेल्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गट अपघात विमा आहे. त्यात मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वासाठी ५ लाख रुपये, अंशतः कायम अपंगत्वासाठी २.५ लाख रुपये आणि अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास २५,००० रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद आहे. दाव्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. नदीकाठीच गळ उपसून घरी गेलेल्याजवळ ती नसतात.